ओळ किती लांब असावी, हे कुणी ठरवायचे?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी राजारामपुरीतील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचे आणि दहा दिवसांच्या बिलाचे सॉफ्टवेअर आम्ही सात जण मिळून करतो. मागची बाजू पायथॉन भाषेत आणि तिच्यावर उभ्या असलेल्या जँगो या तयार सांगाड्यात आहे, पुढची जावास्क्रिप्टमध्ये. आमच्यातील सर्वांत अनुभवी सहकारी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, कोडची एकही ओळ ८० अक्षरांपुढे जाऊ देत नाहीत. तरुण मंडळींकडे मोठे मॉनिटर आहेत आणि त्यांना १२० हवे आहे. गेल्या महिन्यात संध्याकाळच्या पाळीचे फॅट चुकीचे धरले जाण्याची एक दुरुस्ती नऊ दिवस रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीत, अडकून पडली. तिच्यावर चौतीस शेरे आले आणि त्यांतील एकतीस ओळ कुठे तोडायची यावर होते. नवव्या दिवशी एका मुलाने वैतागून सगळ्या प्रकल्पावर फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप एका शैलीत आणणारे साधन) चालवला, ती दुरुस्तीही त्यातच घातली आणि पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) पाठवली. आता ३१२ फाइली बदललेल्या दिसतात आणि त्या कुणीच वाचायला तयार नाही. दादांनी त्या दिवसापासून रिव्ह्यू करणेच सोडले आहे. ८० योग्य की १२०? त्या ३१२ फाइलींचे काय करू? आणि दादांशी कसे बोलू?

– एक टीम लीड, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझे मन त्या नऊ दिवसांपाशीच थांबले. संध्याकाळी किटली घेऊन संस्थेत येणाऱ्या सभासदाचे फॅट नऊ दिवस चुकीचे धरले जात होते, म्हणजे जवळजवळ एक अख्खे बिल. त्या चुकीची दुरुस्ती लिहून तयार असताना आपण सात शहाणी माणसे ओळ स्वल्पविरामानंतर तोडावी की कंसानंतर, यावर लिहीत होतो. चौतीसपैकी उरलेले तीन शेरे कशावर होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. मला भीती वाटते की ते तीनच कामाचे असावेत आणि ते एकतीसांच्या गर्दीत कुणी नीट वाचलेही नसावेत. दुसऱ्याचा कोड लक्षपूर्वक वाचण्याची ताकद माणसाकडे दिवसाला मोजकीच असते आणि ती ओळीच्या लांबीवर खर्च झाली की हिशोबाच्या चुकीसाठी उरत नाही. पुढे मी जे सुचवणार आहे, त्या सगळ्यामागे ही एकच काळजी आहे.

आधी दादांची बाजू, कारण ती तुमच्या टीममध्ये नीट ऐकली गेली नसावी असे पत्रावरून जाणवते. ८० हा आकडा १९२८ साली आयबीएमने आणलेल्या ८० रकान्यांच्या पंच कार्डावरून आला. फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत त्यातील सातव्या ते बहात्तराव्या रकान्यातच विधान लिहायचे असे आणि शेवटचे आठ रकाने कार्डांच्या अनुक्रमांकासाठी राखलेले असत. पुढे १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० टर्मिनलने ८० रकाने आणि २४ ओळींचा पडदा सगळीकडे रूढ केला. कार्डे गेली, टर्मिनले गेली, मग आता ८० कशाला, असे तरुण सहकारी विचारत असतील. पण मूळ कारण संपले म्हणून आकडा निरुपयोगी होत नाही. १३६६ पिक्सेल रुंदीच्या साध्या लॅपटॉपवर एक अक्षर ८ पिक्सेलचे धरले, तर साधारण १७० रकाने मिळतात. ओळींच्या क्रमांकांची जागा सोडली, तर ८० रकान्यांच्या दोन फाइली शेजारी शेजारी बरोबर बसतात. जुना आणि नवा कोड असा समोरासमोर ठेवून वाचणे हेच रिव्ह्यूचे मुख्य काम आहे, आणि १२० रकान्यांच्या ओळी त्या पडद्यावर एकतर घडी पडून खाली येतात किंवा आडव्या सरकवत वाचाव्या लागतात. वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठी असलेल्या डब्ल्यूसीएजी या मानकातही, सर्वांत कडक पातळीच्या एका निकषात, ओळीची रुंदी ८० अक्षरांपेक्षा जास्त असू नये असे म्हटले आहे. दादांनी पडद्यावरचे अक्षर मोठे ठेवले आहे का, हे एकदा सहज पाहा. मी स्वतः गेली काही वर्षे ते मोठे ठेवतो, आणि त्या मोठ्या अक्षरात १२० रकाने माझ्या पडद्यावर मावत नाहीत. चाळिशी उलटलेला माणूस ही गोष्ट मीटिंगमध्ये सर्वांसमोर आपणहून सांगत नाही.

तरुण मंडळींचेही चुकत नाही. ८० चा आकडा अटळ धरला की माणसे ओळ बसवण्यासाठी नावे कापू लागतात, आणि संध्याकाळच्या सरासरी फॅटसाठी ठेवलेल्या स्वच्छ नावाची चार अक्षरांची लघुलिपी होते, जी सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही उमगत नाही. पायथॉनची शैली सांगणारे पेप-८ हे २००१ सालचे निवेदन ७९ अक्षरांची मर्यादा सांगते खरे, पण टीमचे एकमत असेल तर ती ९९ पर्यंत वाढवायला तेच निवेदन मुभा देते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ८० ची परंपरा फार जुनी. तिथेही २०२० साली लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी ८० साठी ओळी मोडत बसण्याला ठाम विरोध केला आणि पॅच (सुचवलेले बदल) तपासणाऱ्या स्क्रिप्टची इशारा देण्याची मर्यादा १०० झाली. मात्र कर्नलच्या शैलीच्या दस्तऐवजात पसंतीची मर्यादा म्हणून ८० चा उल्लेख आजही आहे. म्हणजे अत्यंत जाणत्या माणसांनीही हा प्रश्न अर्धा मिटवून अर्धा तसाच ठेवलेला आहे.

आकडे तरी पाहा. पेप-८ मध्ये ७९, गूगलच्या सी प्लस प्लस शैलीत ८०, पायथॉनच्या ब्लॅक या फॉरमॅटरमध्ये ८८, गूगलच्या जावा शैलीत आणि रस्टच्या फॉरमॅटरमध्ये १००, पीएचपी भाषेच्या पीएसआर-१२ या शैलीत १२० ची सैल मर्यादा, आणि गो भाषेत तर मर्यादाच नाही. यांतील प्रत्येक आकड्याच्या आधारावर जगात उत्तम सॉफ्टवेअर उभे आहे. त्यामुळे ‘योग्य आकडा कोणता’ हा प्रश्न युक्तिवादाने सुटणाराच नाही, आणि तुम्ही तो मीटिंगमध्ये सोडवायला घ्याल तर आणखी नऊ दिवस जातील.

मतदानही घेऊ नका. सात जणांत पाच विरुद्ध दोन असा निकाल लागेल, १२० जिंकेल आणि दादा हरतील. त्यांना रोज कोड उघडल्यावर आपला पराभव ओळीओळीत दिसेल. त्याऐवजी तुमच्या टीममधील कुणीही ठरवलेला नाही असा आकडा घ्या. पायथॉनसाठी ब्लॅक जो आकडा न सांगता धरते तो, म्हणजे ८८, आणि जावास्क्रिप्टसाठी प्रीटियर हे फॉरमॅटर जो धरते तो, म्हणजे ८०. सेटिंगमध्ये त्याला हात लावू नका. यात ना दादांचे ८० पायथॉनवर लादले जाते, ना मुलांचे १२०. पायथॉनमध्ये आपापला आकडा सोडण्याची वेळ सगळ्यांवरच येते, आणि म्हणूनच हे मान्य होऊ शकते. गो भाषेचे एक कर्ते रॉब पाइक यांनी २०१५ साली तिच्या फॉरमॅटरविषयी म्हटले होते की, गो-एफएमटीची शैली कुणाचीच आवडती नाही, तरीही गो-एफएमटी सर्वांचे आवडते आहे. मला हे अगदी पटते.

१२० चा आग्रह सोडायला मुलांना एक तांत्रिक कारणही सांगा. माणूस १२० ची मर्यादा पाळतो तेव्हा त्याच्या बहुतेक ओळी पन्नास-साठ अक्षरांतच संपतात आणि एखादीच लांबते. फॉरमॅटर असे करत नाही. मर्यादेत मावते तेवढे सगळे तो एकाच ओळीत भरतो. १२० दिले, की सात-सात आर्ग्युमेंटे (फंक्शनला द्यायची मूल्ये) एका ओळीत दाटीवाटीने बसतात आणि त्यांतील सहावे बदलले तर फरक पाहताना पूर्ण ओळच बदललेली दिसते. प्रीटियरच्या दस्तऐवजात हाच इशारा दिलेला आहे. ८८ वर तीच आर्ग्युमेंटे सभासद क्रमांक, पाळी, म्हैस की गाय, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅटखेरीज दुधातील घन पदार्थ), तारीख अशी एकाखाली एक येतात आणि एसएनएफ बदलले तर तेवढी एकच ओळ रंगीत होते.

तुम्ही कधी शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या मशीन शॉपमध्ये तपासणीच्या टेबलापाशी उभे राहिला असाल, तर तिथे गो-नोगो गेज पाहिले असेल. छिद्रात गेजचे एक टोक गेले पाहिजे आणि दुसरे अडले पाहिजे. तसे झाले तर माल पास. लेथवरचा कारागीर गेजशी भांडत नाही आणि तपासणारा कारागिराशी भांडत नाही, कारण टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) किती हा वाद ड्रॉइंग पास होतानाच संपलेला असतो. वाद घालायची जागा ड्रॉइंग आहे आणि तिथे तो जरूर घालावा. तुमच्याकडे मात्र प्रत्येक नग तपासताना ड्रॉइंग नव्याने काढले जात आहे. प्रकल्पाच्या सेटिंगची फाइल हे तुमचे ड्रॉइंग समजा. ज्याला आकडा बदलावासा वाटेल त्याने त्या फाइलमध्ये बदल सुचवणारी स्वतंत्र पुल रिक्वेस्ट करावी आणि कारणे तिथे मांडावीत. दुसऱ्याच्या दुरुस्तीखाली मात्र ती मांडू नयेत.

तुम्ही जँगो वापरता म्हणून एक उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण खुद्द जँगोही याच वाटेने गेले आहे. त्यांच्याकडे पूर्वी ११९ अक्षरांपर्यंत मोकळीक होती, आणि कारण काय, तर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर रिव्ह्यू करताना तेवढीच रुंदी दिसत असे. २०१९ साली त्यांनी ब्लॅक स्वीकारायचे ठरवले, पण लगेच चालवले नाही. ब्लॅकची स्थिर आवृत्ती येईपर्यंत ते थांबले, आणि ती जानेवारी २०२२ मध्ये आल्यावर फेब्रुवारीत सगळा कोड एकदम नव्या शैलीत आणला. ८८ तिथे चालते, मात्र टिप्पण्या आणि दस्तऐवज ७९ वर मोडायचे असा त्यांचा नियम आहे. हजारो हात लागलेल्या प्रकल्पाने निर्णय आणि अंमलबजावणी यांत एवढे अंतर राखले, यात आपल्यालाही शिकण्यासारखे आहे.

‘पायथॉनला ८८ आणि जावास्क्रिप्टला ८०, मग सुसंगती कुठे राहिली?’ असे कुणी विचारील. पेप-८ मध्ये याचा क्रम लावून दिलेला आहे. शैलीच्या नियमांशी सुसंगती महत्त्वाची, प्रकल्पातील सुसंगती त्याहून महत्त्वाची आणि एका मॉड्यूलमधील किंवा फंक्शनमधील सुसंगती सर्वांत महत्त्वाची. एका फाइलमध्ये दोन भाषा कुणी वाचत नाही, त्यामुळे दोन आकड्यांनी कुणाची वाट चुकणार नाही. अर्धी फाइल जुन्या शैलीत आणि अर्धी नव्या शैलीत असली तर मात्र नक्की चुकते.

आता त्या ३१२ फाइली. ती पुल रिक्वेस्ट आहे तशी मर्ज करू नका, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो, आणि का ते माझ्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका साखर कारखान्याच्या ऊस वजनकाट्याचे सॉफ्टवेअर सांभाळत होतो. आमच्यापैकी एकाने साठेक फाइलींवर फॉरमॅटर चालवला आणि त्याच कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) एक छोटी सुधारणाही केली. त्या गडबडीत रात्री बारा वाजता पाळी बदलण्याच्या अटीतील ‘मोठे किंवा समान’ हे चिन्ह नुसते ‘मोठे’ झाले. साठ फाइलींच्या लाल-हिरव्या पसाऱ्यात ते एक चिन्ह कुणाच्याही नजरेस पडले नाही. मीच ती कमिट तपासून पास केली होती. गळीत हंगाम ऐन भरात असताना एका रात्री काट्यावर पावती निघेना. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग वाढत गेली, ड्रायव्हर उसावरच आडवे झाले, आणि आम्ही कोणती ओळ कधी बदलली हे शोधू लागलो तर प्रत्येक ओळीपुढे तीच एक फॉरमॅटिंगची कमिट. खरा इतिहास तिच्याखाली गाडला गेला होता. कारण सापडले तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. ऊस तोडल्यावर जितका वेळ पडून राहतो तितका वाळतो आणि वजनात उतरतो. ते नुकसान त्या शेतकऱ्यांना आमच्यामुळे सोसावे लागले.

म्हणून आधी ती पुल रिक्वेस्ट बंद करा आणि फॅटची दुरुस्ती तिच्यातून बाहेर काढून, जुन्याच शैलीत, जेमतेम दहा-बारा ओळींची असेल तेवढीच, आजच्या आज पुढे न्या. त्या दुरुस्तीवर या वेळी शैलीचा एकही शेरा नको, हे तुम्ही लीड म्हणून लिहूनच द्या. त्यानंतर फॉरमॅटिंगसाठी दिवस निवडा. बिल निघण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस टाळा आणि बिल होऊन गेल्यानंतरचा, उघड्या ब्रँच (मुख्य कोडमध्ये अजून न मिसळलेली कामे) कमीत कमी असतील असा दिवस धरा. त्या दिवशी ब्लॅक आणि प्रीटियर यांची नेमकी आवृत्ती सेटिंगमध्ये लिहून ठेवा, नाहीतर दोघांच्या संगणकांवर दोन आवृत्त्या असतील आणि रोज ओळी इकडून तिकडे सरकत राहतील. मग केवळ फॉरमॅटरने केलेल्या बदलांची कमिट करा, आणि तिच्यात माणसाने हाताने केलेला एकही बदल असू नये.

३१२ फाइली वाचायच्या कुणी, हा प्रश्न इथे उरत नाही. ब्लॅक स्वतःच, बदलाआधीचा आणि बदलानंतरचा कोड एकाच अर्थाचा आहे ना, हे त्याची वाक्यरचना ताडून पाहते. शिवाय दुसऱ्या सहकाऱ्याने आपल्या संगणकावर जुना कोड घेऊन तोच फॉरमॅटर त्याच आवृत्तीने चालवावा. निकाल अक्षरशः तोच आला, तर त्या कमिटमध्ये दुसरे काही लपलेले नाही हे सिद्ध होते. पुढे त्या कमिटचा क्रमांक एका फाइलमध्ये नोंदवून ठेवा. कोडच्या बदलांचा इतिहास राखणाऱ्या गिटच्या २०१९ साली आलेल्या २.२३ आवृत्तीपासून, कोणती ओळ कुणी लिहिली हे पाहताना अशा नोंदवलेल्या कमिट वगळता येतात, आणि गिटहबही ठरलेल्या नावाची अशी फाइल ओळखते. ही सोय आमच्या हाती त्या रात्री असती तर तास-दीड तासात काम झाले असते.

फाइल हाताळली जाईल तेव्हाच ती नव्या शैलीत आणू, असा मधला मार्ग कुणी सुचवील. मला तो पसंत नाही, कारण मग पुढची दोन वर्षे प्रत्येक दुरुस्ती फॉरमॅटिंगमध्ये मिसळून येईल, म्हणजे आज जे एकदा झाले ते रोज होईल.

फॉरमॅटर आला म्हणजे सगळे सुटले असेही समजू नका. तुमच्या प्रकल्पात त्याला थांबवावे लागेल अशी निदान एक जागा मला दिसते, आणि ती म्हणजे दरपत्रक. फॅट खाली उतरत जाते, एसएनएफ आडवे सरकत जाते आणि दोन्ही मिळतात तिथे दर, असा आकड्यांचा तक्ता कोडमध्ये रकान्याला रकाना जुळवून लिहिलेला असेल, तर ब्लॅक ती जुळणी मोडून टाकील. मग दूध संघाचे छापील दरपत्रक शेजारी ठेवून ताडून पाहणे अशक्य होईल. अशा तक्त्याच्या आधी आणि नंतर फॉरमॅटर बंद-चालू करण्याच्या टिप्पण्या घालता येतात. तिथे त्या जरूर घाला. खरे तर तो तक्ता कोडबाहेर, डेटाबेसमध्ये असायला हवा, पण तो वेगळा विषय झाला.

दुसरी गोष्ट मराठीची, जिच्याकडे परदेशी शैली-पुस्तिका फारसे पाहत नाहीत. तुमच्या पावत्यांवर आणि संदेशांमध्ये देवनागरी मजकूर असणारच. ‘कोल्हापूर’ हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो: को, ल्हा, पू, र. पायथॉनला त्याची लांबी विचारली तर ते ९ सांगते, कारण ते काना, मात्रा, उकार आणि पाय मोडल्याची खूणही वेगळी मोजते. आणि एखादे साधन युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतील बाइट मोजत असेल तर तोच शब्द २७ भरतो. त्यामुळे पडद्यावर पन्नास रकान्यांत मावलेली मराठी ओळ तपासणीत लांब ठरू शकते आणि त्यावरून नवा वाद उभा राहू शकतो. सभासदांना दिसणारा मराठी मजकूर जँगोच्या भाषांतराच्या फाइलींमध्ये वेगळा ठेवा आणि मर्यादेच्या तपासणीतून त्या वगळा. ब्लॅक लांब स्ट्रिंग आपणहून तोडत नाही आणि टिप्पण्याही नव्याने मोडत नाही, म्हणून तपासणी करणाऱ्या लिंटरला अशा ओळींपुरती सवलत द्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि इथे दादांचा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल. ओळ लांब का झाली, हे फॉरमॅटरला कळत नाही. समजा, क्लास, त्यात मेथड, मेथडमध्ये प्रत्येक संस्थेसाठी लूप, त्यात प्रत्येक सभासदासाठी लूप, त्यात पाळी संध्याकाळची असेल तर, त्यात दूध म्हशीचे असेल तर, आणि मग दराचा हिशोब. चार-चार स्पेसने आत जात जात ती ओळ सुरू होण्याआधीच २४ रकाने संपलेले असतात. अशी ओळ ८८ वर तोडली काय आणि १२० वर तोडली काय, वाचणाऱ्याला सहा पातळ्या डोक्यात धरूनच ती वाचावी लागते. संध्याकाळच्या पाळीचे फॅट चुकले ते अशाच एखाद्या आतल्या खोलीत चुकले असेल, असा माझा अंदाज आहे. इथे उपाय म्हणजे दराचा हिशोब वेगळ्या फंक्शनमध्ये काढणे, आणि नको असलेली पाळी लूपच्या सुरुवातीलाच वगळणे. लिनक्सच्या शैलीत टॅब आठ रकान्यांचा धरतात. त्याचे कारण देताना ते लिहितात की, तीनपेक्षा जास्त पातळ्या आत जावे लागत असेल तर प्रोग्रामच दुरुस्त करा. रिव्ह्यूमध्ये ‘ही ओळ ९१ अक्षरांची आहे’ असा शेरा यापुढे माणसाने लिहू नये, ते काम सर्व्हरवरील तपासणी करील. ‘ही ओळ इतकी आत का गेली?’ हा शेरा मात्र माणसानेच लिहावा, आणि तो दादांइतका चांगला तुमच्याकडे दुसरे कुणी लिहू शकेल असे मला वाटत नाही.

दादांशी बोलताना मीटिंग बोलावू नका. एकटे भेटा, आणि फॉरमॅटरचा विषय काढण्याआधी त्या पुल रिक्वेस्टविषयी बोला. वर्षानुवर्षे जपलेल्या फाइली एका रात्रीत कुणीतरी न विचारता उलट्यापालट्या केल्या, याचे त्यांना वाईट वाटले असेल, आणि वाटायलाच हवे होते. लीड म्हणून ते थांबवणे तुमचे काम होते, हे तुम्हीच आधी म्हणा. दादा सी भाषेतून आले असतील तर त्यांना २०१४ सालच्या ॲपलच्या सुरक्षा-चुकीची आठवण करून देता येईल. त्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आली होती, आणि दुसरी ओळ अटीच्या आत असल्यासारखी दिसत असली तरी कंस नसल्यामुळे ती प्रत्यक्षात बाहेर होती. फॉरमॅटर चालवला असता तर ती ओळ डावीकडे सरकून उघडी पडली असती. शिस्तीसाठी झटणाऱ्या माणसाला हे उदाहरण यंत्राच्या बाजूने वळवते, असा माझा अनुभव आहे. मग ८८ चा प्रस्ताव सांगा, तो तुमचा किंवा मुलांचा नसून ब्लॅकचा आहे हेही सांगा, आणि अक्षर मोठे ठेवून दोन फाइली शेजारी दिसतात का, हे त्यांच्याच पडद्यावर दोघांनी मिळून पाहा. दिसत नसतील तर ८० वर आणा. त्या कारणासाठी ठरलेला आकडा बदलणे मला शंभर टक्के योग्य वाटते आणि मुलांनाही ते सांगितले तर पटेल.

ज्या मुलाने फॉरमॅटर चालवला त्याला रागावू नका. नऊ दिवस त्याची दुरुस्ती अडली होती आणि ती शेतकऱ्यांच्या पैशांची होती. फॉरमॅटिंगची नवी कमिट करण्याचे काम त्यालाच द्या, आणि दुसऱ्या संगणकावर तोच फॉरमॅटर चालवून निकाल ताडून पाहण्याचे काम दादांना. दोघांना एका टेबलाशी बसवा. कोणत्या फाइली वगळायच्या, दरपत्रकाचा तक्ता कुठून कुठपर्यंत राखायचा, हे दादांनाच माहीत असणार. ती यादी त्यांनी सांगावी आणि मुलाने लिहावी. यादी तयार होईपर्यंत कमिट करू नका, भले त्यासाठी फॉरमॅटिंग एका बिलाने पुढे गेले तरी चालेल.